सतरावी ओळ

मे महिन्याची दुपार. मेडिकलचा दुसरा मजला.
कूलरची टाकी पुन्हा कोरडी,
वाळलेल्या खसातून नुसती धूळ येते आहे.
हर्षाली उईके दारात, ओढणी डोक्याला गुंडाळलेली,
मुठीत पेनड्राइव्ह, आणि तोंडात तोच प्रश्न
जो दर उन्हाळ्यात हा जिना चढून येतो:
"सर, कोणती टेस्ट लावू? परवा सबमिशन आहे."

बस. पाणी पी आधी.
टेस्ट म्हणजे सावजीची तर्री नव्हे,
कशावरही ओतली की झणझणीत.
तुला विचारायचं काय आहे, ते सांग.

ती गप्प. मग म्हणते, सिकलसेल. तेवीस पेशंट.
गोळी सुरू करण्याआधी दुखणं किती, दहापैकी.
सहा महिन्यांनी किती.
"कमी झालं का, एवढंच."

एवढंच!
बाप्पा, दोन वर्षं लागतात लोकांना
एवढंच म्हणायला.

फाइल उघडली. दोन रकाने,
दोन्ही जिन्याच्या पायऱ्यांसारखे सुबक,
दोन, तीन, तीन, चार.
"चढत्या क्रमाने लावले सर. नीट दिसावं म्हणून."
आधीचे वेगळे लावले, नंतरचे वेगळे.

नीट दिसतात, खरंच.
पण पंचफुला गेडामचं आधीचं आठ
आता कुणाच्या शेजारी जाऊन बसलंय?
प्रत्येकीला, प्रत्येकाला
ज्याच्या त्याच्याशीच ताडून बघायचं होतं, पोरी.
तू दोन गर्दी केल्यास.

मग रजिस्टरं निघाली.
रामटेकेंनी कपाटाची किल्ली शोधली, शिव्या देत.
ती नाव वाचायची, मी आकडा टाकायचो,
नेहारे, आठ होते, पाच झाले.
कोसरे, सहा होते, सहाच.
तासाभरात माणसं आपापल्या ओळीत परत आली.

आता सरासरी काढू म्हणाली.
मी विचारलं, तुझी दाढ दुखली कधी?
सहा म्हणजे तीनच्या दुप्पट दुखली का?
ती हसली, पहिल्यांदा.
दुखण्याला वजनकाटा नसतो.
वजाबाकीसुद्धा जपून करावी.
एवढंच विचार एकेकाला: कमी, की जास्त?
चौदा म्हणाले कमी.
पाच म्हणाले जास्त.
तिघं होते तिथेच, त्यांना बाजूला बसव.
आता एकोणीस वेळा नाणं उडव मनात.
नुसत्या नशिबाने इतकं एकतर्फी पडेल का,
एवढ्याचा हिशेब म्हणजे तुझी टेस्ट.
चिन्हांची चाचणी. बोटांवर मावणारी.

"पण सर, बावीसच झाले."

सतरावी ओळ. दिवाकर कोहपरे, भिवापूर.
आधी नऊ.
नंतर शून्य.
रजिस्टरात मात्र नंतर काहीच नाही.
तो आलाच नव्हता.
"रिकामं ठेवलं तर सॉफ्टवेअर अडत होतं, सर."

शून्य धरला तर पी येतो शून्य पूर्णांक शून्य चार एक.
न धरला तर शून्य सहा चार.
मध्ये ती रेघ, पाचाची,
जिच्या अलीकडे गाईड पाठ थोपटतात.
तिने दोन्ही आकडे पाहिले. मीही पाहिले.
पंख्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

"म्हणजे पाचाच्या आत येतं ना सर, शून्य ठेवला तर?"
मी काही बोललो नाही.
तीस वर्षांत एवढं शिकलोय
की इथे बोललो तर ती माझी निवड होईल.

रामटेकेंनी कूलरमध्ये बादली ओतली.
खस भिजल्याचा वास आला, क्षणभर.
तिने सतराव्या ओळीवर जाऊन शून्य पुसला.
चौकट रिकामी राहिली,
आत कर्सर उघडझाप करत.

"एक रुग्ण परत आला नाही,
हे कुठे लिहू सर? निकालात, की मर्यादांमध्ये?"

नंबर आहे ना रजिस्टरात, म्हटलं.
आधी फोन लाव.